जुळलेल्या बेरजेविषयी मुलीस पत्र

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

तपासण्यासाठी ठेवलेल्या तुझ्या दोन्ही सराववह्या काल रात्री सावकाश वाचल्या. रसायनशास्त्र मी विसरलो असेन अशी शंका तुला आली असावी, आणि ती बरीचशी खरी आहे; म्हणूनच तुझी प्रत्येक पायरी मला मुळापासून मांडून पाहावी लागली.

पुस्तपालनाच्या वहीत अंतिम खात्यांच्या प्रश्नाखाली तू ठसठशीत दोन रेघा ओढल्या आहेस. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळतात, तरीही उत्तर चूक आहे. 80,000 किमतीचे यंत्र वर्षाच्या बरोबर मध्यावर घेतले असून घसारा, म्हणजे वापरामुळे धरायची किमतीतली घट, दरसाल 10 टक्के आहे. म्हणजे सहा महिन्यांचे 4,000 व्हायला हवेत, तू मात्र पूर्ण वर्षाचे 8,000 धरलेस. तोच आकडा नफा-तोटा खात्याच्या नावे बाजूला गेला आणि तोच यंत्राच्या किमतीतूनही वजा झाला, त्यामुळे मालमत्ता जितकी घटली तितकाच नफा, आणि पर्यायाने भांडवलही, घटले. द्विनोंदी पद्धत चूकसुद्धा इमानाने दोन्हीकडे नोंदवते.

जिथे तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा शिलकांची यादी, जुळली नाही, तिथे तू लगेच उत्तरसूची उघडलीस, हे मधेच बदललेल्या शाईवरून कळते. त्याआधी फरकाच्या रकमेकडे पाहत जा. फरकाच्या निम्मी रक्कम खात्यांत कुठे आढळली, तर ती चुकीच्या बाजूला मांडली गेली असण्याचा संभव असतो. फरकाला 9 ने निःशेष भाग जात असेल, तर 540 ऐवजी 450 लिहिल्यासारखी अंकांची अदलाबदल झाली असू शकते. हे पुरावे नव्हेत, पण शोध कुठून सुरू करावा हे त्यावरून ठरवता येते.

रसायनशास्त्रात याच्या उलट घडले आहे. 10 ग्रॅम हायड्रोजन आणि 64 ग्रॅम ऑक्सिजन यांच्या अभिक्रियेतून तू 90 ग्रॅम पाणी काढले आहेस. पात्रात एकूण 74 ग्रॅम असताना 90 ग्रॅम कुठून येणार? इथे साधी बेरीज केली असतीस तरी चूक तत्काळ सापडली असती. मोल म्हणजे कणांच्या ठरावीक संख्येचे माप; ऑक्सिजनचा एक मोल 32 ग्रॅमचा, हायड्रोजनचा 2 ग्रॅमचा. ऑक्सिजनचे 2 मोल आहेत, त्यांना हायड्रोजनचे 4 मोल पुरतात. पाणी 72 ग्रॅम होते आणि 2 ग्रॅम हायड्रोजन उरतो. तू सगळा हायड्रोजन संपेल असे गृहीत धरलेस, आधी कोणता पदार्थ संपतो हे पाहिले नाहीस.

मात्र त्याच वहीत, हायड्रोजन पेरॉक्साइडचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळतात, असेही समीकरण आहे. दोन्ही बाजूंचे अणू नेमके जुळतात, आणि बहुधा त्यामुळेच तुला शंका आली नाही. प्रत्यक्षात पाणी आणि ऑक्सिजन मिळतात. ही चूक आणि घसाऱ्याची चूक एकाच जातीच्या आहेत, असे मला वाटते: बेरजेने होकार दिला आणि तू पुढचा प्रश्न घेतलास.

म्हणून या आठवड्यात नवी प्रश्नपत्रिका घेऊ नकोस. चुकलेले प्रश्नच जुने उत्तर झाकून पुन्हा सोडव, आणि प्रत्येकाच्या समासात मूळ चूक कशामुळे झाली ते एका ओळीत लिही. 'निष्काळजीपणा' हा शब्द मला तिथे नको, कारण त्यातून काहीच कळत नाही. 'खरेदीची तारीख वाचली नाही' असे लिहिलेस तर कळते.

त्या यंत्राच्या खरेदीची तारीख प्रश्नात समायोजनांमध्ये, म्हणजे यादीखालच्या जादा सूचनांमध्ये, नाही; वर शिलकांच्या यादीत कंसात दिली आहे. मलाही ती दुसऱ्या वाचनात सापडली.

तुझे,
बाबा