भक्तिगीतांबद्दल तक्रार नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत रेडिओच्या आठवणींवर वाचकांची पत्रे येत आहेत. एडिसनला, म्हणजे न्यू जर्सीत, बसून मी ती मोबाइलवर वाचतो. मागे एका वाचकाने लिहिले होते की, अमेरिकेत रेडिओ चर्चवाल्यांनी विकत घेतला, आपल्याकडेही उद्या तेच होणार. यातले निम्मे खरे आहे. उरलेल्या निम्म्यासाठी हे पत्र.

३१ मे २०१९, शुक्रवार. त्या दिवशी न्यूयॉर्कचे ९५.५ मेगाहर्ट्झवरचे डब्ल्यूपीएलजे हे केंद्र बंद झाले. या देशात आलो तेव्हा जुन्या टोयोटाच्या रेडिओचे पहिले बटण मी त्याच केंद्राला लावले होते. इंग्रजी गाण्यांतले मला फार कळत होते असे नाही. पण सकाळी स्कॉट शॅनन आणि टॉड पेटेनगिल या निवेदकांच्या गप्पा ऐकत टर्नपाइक या महामार्गावर अडकून पडायचे, आणि कुठल्या पुलावर किती खोळंबा आहे हे त्यांच्याच तोंडून कळायचे. माझे निम्मे इंग्रजी ऑफिसात सुधारले आणि निम्मे या दोघांनी सुधारले. दुसरे निम्मे बायकोला पसंत नाही, ते सोडा.

केंद्र तसे जुने. नोव्हेंबर १९७० मध्ये एल्टन जॉनची न्यूयॉर्कमधली मैफल याच तरंगलांबीवरून थेट ऐकवली गेली होती, तेव्हा नाव डब्ल्यूएबीसी-एफएम होते. पुढच्या वर्षी ते डब्ल्यूपीएलजे झाले. या आद्याक्षरांमागे एक जुने गाणे आहे आणि गाण्याचा विषय आहे पांढरी पोर्ट वाइन आणि लिंबाचा रस. आता त्या तरंगलांबीवर चोवीस तास ख्रिस्ती भक्तिगीते लागतात आणि परवान्यावरची आद्याक्षरे मात्र तीच आहेत. दारूच्या पेल्यावरून नाव पडलेल्या केंद्रावर भजन! आमच्या आजीने ऐकले असते तर म्हणाली असती, वाल्याचा वाल्मीकी झाला.

व्यवहार असा झाला. मालक असलेल्या क्युम्युलस कंपनीने न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, अटलांटा, सॅन होजे, सवाना आणि सिरॅक्यूज इथली सहा केंद्रे मिळून १० कोटी ३५ लाख डॉलरना विकली. घेणारी होती एज्युकेशनल मीडिया फाउंडेशन ही ख्रिस्ती संस्था. १९८२ साली कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा गावात एका छोट्या केंद्रापासून सुरू झालेले तिचे ‘के-लव्ह’ हे भक्तिगीतांचे जाळे आज देशभर ऐकू येते. त्याआधी नोव्हेंबर २०१७ मध्ये लॉस एंजेलिसचे ‘द साउंड’ तिने पावणेसहा कोटींच्या वर मोजून घेतले होते, २०१८ च्या मार्चमध्ये शिकागोचे रॉकवाले ‘द लूप’ २ कोटी १५ लाखांना. २०२० च्या फेब्रुवारीत बॉस्टनकडचे डब्ल्यूएएएफ गेले, तेही रॉकवालेच. दर वेळी गोष्ट सारखी. काही दिवस आधी बातमी, निवेदकांची रडारड, शेवटचे गाणे, आणि मग सगळीकडे एकच आवाज.

आता माझा मुद्दा. भक्तिगीतांबद्दल माझी तक्रार नाही. मी सांगलीचा. आमच्या घरी पहाटे आकाशवाणी लागली की आधी अभंग यायचे, मागून चहाचे आधण. आमचे शेजारी मुसलमान, त्यांच्याकडेही तोच रेडिओ चालू असायचा आणि कुणी आवाज कमी कर म्हटल्याचे आठवत नाही. कारण अभंग संपले की बातम्या यायच्या, मग बाजारभाव, ‘माझं घर माझं शेत’, दुपारी ‘वनिता मंडळ’, ‘कामगार सभा’. पुराच्या दिवसांत आयर्विन पुलाशी कृष्णेचे पाणी किती फुटांवर आहे, यासाठी वडील रेडिओजवळून हलत नसत. देवाला रेडिओवर जागा होती, पण वेळ ठरलेली होती. भूपाळी दिवसभर वाजत नव्हती.

इथे बदलले ते हे. के-लव्हचे निवेदक गोड बोलतात. ऑफिसातली माझी एक सहकारी आजारपणात हेच केंद्र ऐकायची, आणि तिला त्याचा आधार वाटला हे मी पाहिले आहे. पण ते निवेदक सगळ्या देशाशी एकदम बोलतात. एडिसनमध्ये बर्फ पडत असताना ते टेक्सासच्या श्रोत्यालाही तेच सांगत असतात. २०१२ च्या ऑक्टोबरअखेरीस सँडी वादळ आले तेव्हा आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. पेट्रोलची इतकी ओढाताण की गव्हर्नरांनी आमच्या मिडलसेक्ससह बारा काउंट्यांमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये, गाडीच्या नंबरप्रमाणे सम-विषम तारखांना पेट्रोल द्यायला सुरुवात केली. कुठला पंप चालू आहे, कुठल्या शाळेत गरम जेवण मिळते आहे, हे आम्ही सेलवरच्या रेडिओतून ऐकत होतो, आणि बोलणारे तिथेच पलीकडे कुठेतरी आमच्यासारखेच अंधारात बसलेले होते. आपल्याच गल्लीतला माणूस बोलत असला की ऐकणाऱ्याला धीर येतो.

के-लव्हवाल्या संस्थेने कुणाचे केंद्र हिसकावून घेतलेले नाही, विकणाऱ्यांनी विकले. त्यांनी का विकले, हे पाहिल्याशिवाय नुसते ‘चर्चवाले’ म्हणून बोट दाखवणे सोपे आहे. १९९६ पर्यंत अमेरिकेत एका मालकाला देशभरात चाळीसच रेडिओ केंद्रे ठेवता येत. त्या वर्षीच्या दूरसंचार कायद्याने देशपातळीवरची ही मर्यादा उठवली आणि मोठ्या कंपन्यांनी कर्ज काढकाढून शेकडो केंद्रे गोळा केली. मग जाहिरात इंटरनेटकडे गेली आणि कर्ज मागे राहिले. क्युम्युलसने नोव्हेंबर २०१७ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा तिच्यावर दोन अब्ज डॉलरहून जास्त बोजा होता. चारच महिन्यांनी आयहार्ट ही दुसरी मोठी रेडिओ कंपनी त्याच दारात उभी होती. अशा वेळी घरातले सोने बाहेर निघते. आणि समोर गिऱ्हाईक कोण? जिला जाहिरात लागत नाही, जी श्रोत्यांच्या देणग्यांवर चालते, ना-नफा म्हणून आयकर भरत नाही आणि रोख मोजते अशी संस्था. खर्चही कमी, कारण एकच कार्यक्रम सगळीकडे. २०१७ च्या अखेरीस रेडिओचे परवाने देणाऱ्या सरकारी आयोगाने आणखी एक सोय केली. केंद्राचा मुख्य स्टुडिओ त्याच्या गावात किंवा आसपास असला पाहिजे, हा जवळजवळ ऐंशी वर्षांचा जुना नियम काढून टाकला. आता गावात मनोरा आणि एक यंत्र असले की झाले.

धर्म हा या गोष्टीचा गाभा नव्हे, याचा पुरावा नुकताच मिळाला. सेलम नावाची कंपनी स्वतःच ख्रिस्ती प्रसारक. तिची डॅलस, अटलांटा, लॉस एंजेलिस वगैरे ठिकाणची ख्रिस्ती संगीताची सात केंद्रे तिने ८ कोटी डॉलरना याच फाउंडेशनला विकली. १ फेब्रुवारी २०२५ पासून तिथेही के-लव्ह. म्हणजे भक्तिगीते आधीही होती आणि नंतरही आहेत. गेले ते त्या शहरांतले निवेदक.

मग लोक कोर्टात का जात नाहीत, असे पुण्याच्या माझ्या मेव्हण्याने विचारले. गेले होते हो! १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये डब्ल्यूएनसीएन हे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचे केंद्र एका रात्रीत रॉकवर गेले. श्रोत्यांनी संघटना काढली, भांडले, आणि पुढच्या वर्षी शास्त्रीय संगीत परत आणले. त्याच सुमारास शिकागोच्या अशाच एका केंद्राच्या खटल्यात अपील न्यायालय म्हणाले होते की, आगळावेगळा फॉरमॅट, म्हणजे कार्यक्रमांचा साचा, बंद होत असेल आणि लोकांचा मोठा विरोध असेल तर आयोगाने सुनावणी घ्यावी. आयोगाला ते नको होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९८१ मध्ये सात विरुद्ध दोन अशा बहुमताने ठरले की, केंद्रावर काय वाजावे हे बाजारावर सोडण्याचे आयोगाचे धोरण योग्यच आहे. विरोधी मत लिहिले ते न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी. आणखी एक मेख कायद्यातच आहे. केंद्र विकले जात असताना याच्याऐवजी दुसऱ्या कुणाला दिले तर लोकांचे हित जास्त साधेल का, हा विचार करायलाच आयोगाला मनाई आहे. समोर आलेला खरेदीदार पात्र आहे ना, एवढेच पाहायचे. डब्ल्यूएनसीएनही अखेर १९९३ च्या डिसेंबरात रॉककडेच गेले.

ओरडा करून काही मिळालेच नाही असे नाही. १९९७ मध्ये वॉशिंग्टनच्या एका सरकारी विद्यापीठाने पैशांच्या अडचणीपायी आपले जॅझचे केंद्र विकायला काढले. वर उल्लेख केलेल्या सेलमशी संबंधित संस्थेने १ कोटी ३० लाख डॉलर देऊ केले. शहरात गदारोळ झाला आणि शेवटी संसदेचे कामकाज दाखवणाऱ्या सी-स्पॅनने ते केंद्र घेतले. धार्मिक प्रसारण टळले खरे. जॅझ मात्र गेलेच.

आता आपल्याकडच्या भीतीबद्दल. भारतात खाजगी एफएमचा परवाना धार्मिक किंवा राजकीय संस्थेला मिळतच नाही, हे त्या पत्रलेखकांना ठाऊक नसावे. पण म्हणून हात झटकण्यासारखे काही नाही. सरकारच्या एफएम परवान्यांच्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने खाजगी कंपन्यांना आपल्याच केंद्रांचे जाळे जोडून एक कार्यक्रम अनेक शहरांत वाजवण्याची मुभा दिलेली आहे. तिथे बोलणारा रेडिओ जॉकी कुठल्या गावातला आहे, हे कोण विचारतो? आणि आकाशवाणीचे काय? जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय झाला होता. तो थांबला, कारण पुणेकर बोलले आणि ज्याला जाब विचारायचा असा मंत्री दिल्लीत होता. माझ्या ९५.५ साठी मी कुणाला जाब विचारणार होतो? कर्जबाजारी कंपनीला, की देणगीवर चालणाऱ्या संस्थेला, की ‘आमचा संबंध नाही’ म्हणणाऱ्या आयोगाला?

परवा भारतात आलो होतो तेव्हा बहिणीला विचारले, सांगली केंद्र लावतेस का गं? म्हणाली, “लावते ना, पण आपल्या इथलं किती असतं आणि बाहेरून जोडलेलं किती, ते कळत नाही.” आपल्या वार्ताहरांनी जमल्यास एवढे करावे: महाराष्ट्रातल्या प्रत्येक आकाशवाणी केंद्रावर रोज किती तास त्याच गावात तयार झालेले कार्यक्रम लागतात, याचा तक्ता छापावा. दहा वर्षांपूर्वीचा आकडा शेजारी असला तर उत्तम.

इकडे न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या रेडिओ परवान्यांची मुदत आठ वर्षांची असते, पुढचे नूतनीकरण २०३० साली. त्या वेळी हरकतीचा अर्ज करायचा असे मी ठरवले आहे. फॉरमॅट हा आमचा विषय नाही, असे एका ओळीचे उत्तर येईल. बायको म्हणते, तेवढ्या वेळात परसातले गवत काप.

आपला,
एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी
(मूळ गाव सांगली)