रविवारची बैठक : वॉशिंग्टनचं हार्डकोर

सभासद मित्रमैत्रिणींनो,

येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता नेहमीच्या जागी जमायचं आहे, विसरू नका. यावेळी ऐकायचं फक्त वॉशिंग्टन डीसीचं हार्डकोर, म्हणजे पंक रॉकचा अधिक वेगवान, आक्रमक प्रकार, १९८० ते १९८५ मधला.

सुरुवात बॅड ब्रेन्स या बँडपासून. जॅझ-फ्यूजन वाजवणारी ही कृष्णवर्णीय मुलं पंककडे वळली आणि त्यांच्या वेगाने शहरातल्या शाळकरी पोरांना वेड लावलं. त्यांचा १९८२ चा पहिला अल्बम आधी फक्त कॅसेटवर आला होता. कुणाकडे ती कॅसेट असेल तर कृपया आणाच. ती कॅसेटवरच ऐकायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

मग टीन आयडल्स. बँड मोडत होता, तेव्हा साठलेले पैसे वाटून न घेता त्यांनी स्वतःची रेकॉर्ड काढली आणि त्यातून १९८० मध्ये डिस्कॉर्ड हे लेबल (रेकॉर्ड काढणारी कंपनी) उभं राहिलं. रेकॉर्डची पाकिटं मित्रांनी हाताने कापली, दुमडली, चिकटवली. टीन आयडल्समधले इयन मकाय आणि जेफ नेल्सन पुढे मायनर थ्रेट या बँडमध्ये गेले. तो बँड १९८३ मध्ये संपला, पण आजही मला त्याच्याइतकं प्रामाणिक संगीत क्वचितच सापडतं.

शेवटी राइट्स ऑफ स्प्रिंग हा बँड.

प्रत्येकाने एकच आठवण सांगायची: हे संगीत तुमच्यापर्यंत कुणी पोहोचवलं? कॉपी करून देणाऱ्या त्या दादा-ताईंची नावं निघायलाच हवीत. शाळा-कॉलेजातल्या मुलांना जरूर आणा. या बँडांनी लहान वयाच्या श्रोत्यांसाठी कार्यक्रमांची दारं उघडी राहावीत म्हणून आग्रह धरला होता.

येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा. कॅसेट प्लेअर मी आणतो.