मटणाचे पैसे मी दिले होते

प्रिय सिस्टर,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. वसईतून तुमची बदली झाली तेव्हा धड निरोपही घेता आला नाही म्हणून आता असं सगळ्यांसमोर थँक्यू म्हणतोय, कोणीतरी तुम्हाला वाचून दाखवेलच.

धाकटा परत आला ती रात्र तुम्हाला आठवत असेल. वाडीतला स्वतःचा वाटा विकून गेला होता, पैसे कसे उडवले ते जाऊ दे, पण चार वर्षांत घरी एक फोन नाही, आईच्या ऑपरेशनलाही नाही. हॉस्पिटलमधल्या रात्री मी काढल्या, वाडीचं पाणी मी बघितलं, कर्जाचे हप्ते मी भरले, आणि हा एका संध्याकाळी बॅग घेऊन दारात उभा, तर पप्पांनी काही न विचारता त्याला मिठी मारली आणि मला म्हणतात, जा मटण घेऊन ये. आणलं. पिशवी ओट्यावर ठेवली आणि बाईक काढून निघालो ते देवळापाशी, म्हणजे आपल्या चर्चपाशी, येऊन बसलो, भक्ती वगैरे काही नाही, दुसरीकडे जायला जागाच सुचली नाही.

तुम्ही गेट लावायला आलात आणि तासभर माझी बडबड ऐकत उभ्याच राहिलात. मला वाटलं आता बायबलमधला उधळ्या पुत्राचा दाखला ऐकावा लागणार, वाटा उडवून परत आलेल्या धाकट्याला बाप जवळ घेतो, पुष्ट वासरू कापून मेजवानी देतो आणि मोठा भाऊ रुसतो तोच, आणि झालंही तेच, फक्त तुम्ही विचारलंत, बाप घराबाहेर किती वेळा आला? मी म्हटलं एकदा, धाकट्याला लांबून बघून धावत सुटला तेव्हा. तुम्ही म्हणालात, दोनदा, मोठा रुसून बाहेर उभा होता त्याचीही समजूत काढायला तोच बाहेर आला. लहानपणापासून ऐकतोय हे पण इथे कधी लक्षच गेलं नव्हतं. आणि येशूने हे सांगितलं ते कोणाला, तर हा पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून कुरकुरणाऱ्या परूशी आणि शास्त्री लोकांना, त्या काळच्या कडक धर्म पाळणाऱ्यांना आणि धर्मपंडितांना, म्हणजे माझ्यासारख्यांनाच.

मग मी भांडलो, मटणाचे पैसे पण मीच दिलेत म्हटलं. तुम्ही हसलात! म्हणालात, ते पुष्ट वासरूही मोठ्याच्याच वाट्यातलं होतं रे, धाकटा तर आपलं आधीच घेऊन गेलेला, बाप म्हणतो ना, 'माझे जे काही आहे ते सर्व तुझेच आहे'. माफीचा खर्च कोणाला तरी पडतोच. मग देवळावरच्या क्रुसाकडे नुसतं बघितलंत, पुढे काही बोलला नाहीत ते बरं केलंत, प्रवचन झालं असतं तर मी उठून गेलो असतो.

सिस्टर राणी मारियांचंही तुम्हीच सांगितलंत. केरळच्या, मध्य प्रदेशात उदयनगरला आदिवासी शेतमजुरांना सावकारांच्या तावडीतून सोडवायचं काम करायच्या, 25 फेब्रुवारी 1995 ला बसमधून ओढून काढून त्यांना भोसकलं, 50 च्या वर वार. आणि त्यांच्या सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, 2002 च्या राखीपौर्णिमेला तुरुंगात जाऊन मारणाऱ्या समंदर सिंगलाच राखी बांधली. राणी मारियांच्या घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी सह्या केल्या, 2006 ला तो सुटला. 2017 ला इंदूरमध्ये राणी मारियांना 'धन्य', म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं. मी म्हटलं आपल्याच्याने एवढं नाही होणार. तुम्ही म्हणालात, एवढं कोण मागतंय, घरी जा, जेव.

साडेदहाला परतलो तर पप्पा गल्लीच्या तोंडाशी बॅटरी घेऊन उभे. सत्तरी पार झालेला, गुडघे गेलेला माणूस. ओरडले नाहीत, रस्सा गार झालाय एवढंच बोलले. आत धाकटा न जेवता बसला होता. आम्ही एक शब्द न बोलता जेवलो.

सगळं गोड झालं असं नाही हां सिस्टर. अजून कधीकधी त्याला बघून डोकं फिरतं, पंप बंद करायला तो आजही विसरतो आणि केळीच्या बुंध्यात तळं होतं. पण तुमच्यामुळे मी त्या रात्री बाहेर राहिलो नाही.

यंदा नाताळला या. मटण धाकटा आणणार आहे, पैसे पण त्याचेच.

तुमचा,
मोठा