पंचेचाळीस अंशांत उडवायला एक रान द्या

मा. नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री,
भारत सरकार, यांस

स.न.वि.वि.

अमळनेर तालुक्यात फवारणीचा ड्रोन विकसित करणाऱ्या सात जणांच्या टीमचं ऑपरेशन्स मी बघतो. इंजिनिअर डोकं लावतात, पायलट उडवतो आणि उरलेलं सगळं माझ्याकडे: बॅटऱ्या, पंखे, चाचण्यांचं वेळापत्रक, पाण्याचं पिंप. शिवाय बांधावर गाडी थांबवून "काय उडाडी राह्यनात भाऊ?" विचारणाऱ्यांना उत्तरं देणं.

२०२१ च्या ड्रोन नियमांनी आमचं ओझं खरंच हलकं केलं. मान्यताप्राप्त स्टार्टअपला संशोधनासाठी टाइप सर्टिफिकेट (ड्रोनच्या मॉडेलला मिळणारं मान्यता प्रमाणपत्र), नोंदणी क्रमांक किंवा पायलट लायसन्स लागत नाही. फक्त ग्रीन झोन, म्हणजे आगाऊ परवानगीशिवाय ड्रोन उडवता येतो असा भाग हवा आणि जागा स्वतःच्या ताब्यातली हवी. घोडं पेंड खातं ते या 'ताब्या'पाशी. आम्ही उन्हाळ्यात चार एकर भाड्यानं घेतो. जून उजाडला की शेतकरी म्हणतो, "भाऊ, आता कपाशी लावनी शे." त्याचं काय चुकलं? मग नवं रान, नवा करार, डोक्यावरच्या विजेच्या तारा पुन्हा पहिल्यापासून मोजायच्या. सरकारी पडीक जमिनीसाठी एका कार्यालयात अर्ज दिला, तर 'हा विषय आमचा नाही' म्हणून परत आला.

आता उन्हाचं. मे महिन्यात सकाळी सहाला ३० अंश असतात, दुपारी ४५. एवढ्या फरकानं हवा जवळपास ५ टक्के विरळ होते. तीच १० लिटरची टाकी उचलायला पंख्यांना जास्त फिरावं लागतं आणि बॅटरी लवकर बसते. दुपारच्या उड्डाणानंतर मोटरला बोट लावलं तर चटका बसतो. एकदा एक बॅटरी पापडासारखी फुगली. ती वाळूच्या बादलीत ठेवून आम्ही सगळे बाभळीखाली तासभर गप्प बसलो. नवी मागवली, तर प्रवासी विमानातून सुट्या लिथियम बॅटऱ्यांचा माल २०१६ पासून बंद, त्यामुळे जळगावला विमानतळ असूनही ती ट्रकनंच येते. तो नियम बरोबरच आहे, तक्रार नाही. वेळापत्रक मात्र माझं कोलमडतं.

नमो ड्रोन दीदी योजनेत महिला बचत गटांना १५,००० ड्रोन देण्याचं आपल्या सरकारनं ठरवलं. त्यातले जे खान्देशात येतील, ते याच उन्हात उडतील. मग इथल्या दुपारची परीक्षा त्यांनी आधीच का देऊ नये?

मागणी एवढीच. जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यात, विमानतळापासून १२ किलोमीटरच्या बाहेर, वीस एकर सरकारी जमीन चाचणीसाठी राखून ठेवा. कुंपण, एक शेड, थ्री-फेज वीज आणि पाणी पुरे. संशोधन करणाऱ्या टीम आणि इंजिनिअरिंग कॉलेजांना ती दिवसाच्या भाड्यानं द्या, आणि त्या दिवसापुरती ती जागा त्यांच्याच ताब्यात धरली जाईल, असं लेखी स्पष्ट करा.

आमच्या सध्याच्या रानाचा करार ३१ मेला संपतो. शेतकऱ्यानं सरकीची पाकिटं आणूनही ठेवली आहेत.

आपला,
टीमचा ऑपरेशन्सवाला, अमळनेर