२०० बाक, २१८ दिवस आणि आपलं सचोटीवरचं भाषण

मा. मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात लघुउद्योजकांच्या मेळाव्यात आपण पाऊण तास बोललात. मी पाठीमागून तिसऱ्या रांगेत होतो. धंद्यात सचोटी शेवटी कशी परवडते, हे आपण छान समजावलंत. मीही टाळ्या वाजवल्या, शेजारचे वाजवत होते म्हणून. गेल्या वर्षी याच मेळाव्यात आपण शब्द दिला होता की लहान पुरवठादाराचं बिल ४५ दिवसांच्या वर अडकणार नाही. यंदा तेवढा उल्लेख राहून गेला. वेळ कमी पडला असेल.

माझा फॅब्रिकेशनचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, दोन वेल्डिंग मशीन आणि सात माणसं. एका सरकारी कार्यालयाला शाळांसाठी २०० बाक बनवून दिले. शाळा उघडायच्या आत हवे होते, म्हणून रात्रपाळ्या करून ११ जूनला पोचवले. बिल १० लाखांचं, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ११ लाख ८० हजार. आज १५ जानेवारी. म्हणजे २१८ दिवस.

त्यातली गंमत ऐका. बिल जूनचं, त्यामुळे त्यावरचा कर २० जुलैपर्यंत भरायचा होता. कच्च्या मालावरचा वजा जाता ६३ हजार रुपये मी भरले. उशीर केला असता तर वर्षाला १८ टक्के व्याज लागलं असतं. सरकारला विकलेल्या मालावरचा कर सरकारला वेळेवर मिळाला. मालाचे पैसे तेवढे सरकारकडून यायचे आहेत.

पहिला महिना फाईल फिरत होती. दुसऱ्या महिन्यात बजेट नव्हतं. तिसऱ्या महिन्यात बजेट आलं, तर साहेब प्रशिक्षणाला गेले. चौथ्या महिन्यात फाईल साहेबांकडून खाली आली, ती मी डोळ्यांनी पाहिली. शेवटच्या पानावर हिरव्या शाईत शेरा होता: 'चर्चा करावी'. कोणी, कोणाशी, कशाबद्दल, काही नाही. बाकांबद्दल एक ओळ तक्रार नव्हती. कायद्याप्रमाणे माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर तो स्वीकारला असं धरतात. पण चर्चा राहिली ना! मी क्लार्कना विचारलं, चर्चा कोणाशी करू? ते हसले, चहा मागवला, फाईल बंद केली आणि टेबलावर दोन बोटं आणि एक अर्धं बोट ठेवलं. अडीच टक्के. त्यांच्या डोक्यावर भिंतीला पाटी होती, लाच देणे व घेणे गुन्हा आहे, तक्रारीसाठी १०६४.

घरी येऊन हिशेब मांडला. बँकेची सीसी, म्हणजे धंदा चालवायला घेतलेलं खेळतं कर्ज, १२ टक्क्यांची. ११ लाख ८० हजारांवर महिन्याला व्याज ११,८००. मूळ १० लाखांचे अडीच टक्के म्हणजे २५,०००. दोन महिने आणि तीन-चार दिवस थांबलो तर तेवढं व्याज बँकेला जातं. म्हणजे तिसऱ्या महिन्यापासून प्रामाणिकपणा महाग. हा दर कोणी ठरवला असेल त्याला मानलं पाहिजे. आपल्या भाषणात सचोटी परवडते म्हणालात, ती कुठल्या व्याजदराने, ते विचारायचं राहिलं.

मी साधू नाही. याआधीच्या दोन बिलांना दिले आहेत. २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाली, देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत कैद आहे. नाइलाजाने दिले असतील तर सात दिवसांत तक्रार करायची, मग तुम्ही सुटलात. सात दिवसांत! मला बिलाची पोच मिळायला अकरा दिवस लागले. तक्रार केली तर सापळा लावतात आणि त्यासाठी पावडर लावलेल्या नोटाही बहुतेक वेळा तक्रारदारानेच आणायच्या असतात. पुढच्या वर्षी त्या कार्यालयाचं टेंडर भरायचं की नाही, याबद्दल मात्र कायदा काही बोलत नाही.

यंदा दिले नाहीत. तत्त्व वगैरे काही नाही, हातात नव्हते. दिवाळीआधीच्या शनिवारी सातही जण पगारासाठी शेडच्या दारात उभे होते. सर्वांत जुने वेल्डर, माझ्या वडिलांच्या वेळचे, म्हणाले, "दादा, माझं राहू दे, पोरांचं भागव." त्यांचा पगार अजून अर्धाच दिलाय. बायकोला सांगितलं नाही, तिला कळलंच. त्या रात्रीपासून झोप अशी लागत नाही. डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका. म्हटलं, घेत नाही, पुरवठा होतो.

कायदे नाहीत असं म्हणू नका. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा आहे. ४५ दिवसांच्या वर गेलं की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. कागदावर मी श्रीमंत आहे! आयकरातही कलम आणलंत: लहान उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये खाजगी कंपन्यांनी आपणहून फोन लावून बिलं मागवली, आयुष्यात पहिल्यांदा. चाबूक चांगला आहे. पण सरकारी कार्यालय आयकर भरतं कुठे? जो सगळ्यात जास्त अडवतो, त्याच्या पाठीपर्यंत तो पोचतच नाही. राज्यात ठेकेदारांच्या संघटना २०२५ मध्ये ८९ हजार कोटी थकल्याचं सांगत होत्या. आकडा खरा की फुगवलेला, ते तुमचं खातं जाणे. अर्धा धरा. पाव धरा. माझे त्यातले किती, ते वर लिहिलंच आहे.

आणि नीतिमत्ता शिकवायची कोणी? निवडणूक रोखे १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. तोवर सहा वर्षं कोणत्या कंपनीने कोणत्या पक्षाला किती दिले, हे मतदाराला कळायची सोय नव्हती. नफ्याच्या प्रमाणात मर्यादा होती, तीही काढलेली. तोट्यातली कंपनीही देऊ शकत होती. तोट्यातला मी २५ हजार दिले तर लाच, तिने दिले तर देणगी. भ्रष्टाचार उघड करणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये केला, तो अजून लागू व्हायचा आहे. त्याच्याही फाईलवर 'चर्चा करावी' असा शेरा असावा.

माझं मागणं काही फार नाही. बिल ज्या दिवशी कार्यालयात येतं तो दिवस आणि आज ते कोणाच्या टेबलावर आहे, हे संकेतस्थळावर टाका. ४६ व्या दिवसापासूनचं व्याज आम्ही मागायची वाट न बघता बिलातच जमा होऊ द्या आणि त्यातलं थोडं तरी अडवणाऱ्याच्या पगारातून वळतं करा. भाषणं मग ऐकू, पहिल्या रांगेत बसून ऐकू.

खाली नाव लिहीत नाही. कार्यालयाचंही नाही. पुढच्या जूनला पुन्हा बाक लागतील आणि मला दुसरं काही बनवता येत नाही. तुम्हाला माझी फाईल शोधायचीच असेल तर सोपं आहे. राज्यातली २१८ दिवसांपेक्षा जुनी सगळी बिलं काढा. त्यात असेन मी कुठेतरी.

आपला,
एक लघुउद्योजक

ता.क. हे पत्र पोचेल तेव्हा २१८ चा आकडा दुरुस्त करून घ्यावा.