लाडक्या बहिणीला नवऱ्याचा ओटीपी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘लाडकी बहीण’ योजनेतल्या ‘बोगस बहिणीं’ना शोधून काढा, असं सांगणारं तुमचं कालचं स्फुट वाचलं. बोगस शोधा, जरूर शोधा. सरकारच्याच तपासणीत १४ हजारांवर पुरुष ‘बहिणी’ निघाले, त्यांना पैसे देताना कुणाचा ओटीपी मागितला होता?

माझ्याकडे धुण्याभांड्याला येते तिला नवऱ्याने टाकून नऊ वर्षं झाली. वडील त्याआधीच गेले. २०२४ मध्ये तिचा अर्ज मीच नारीशक्ती दूत ॲपवर भरला, रात्री साडेअकराला, कारण दिवसा सर्व्हर हलायचा नाही. रक्षाबंधनाच्या तोंडावर दोन महिन्यांचे मिळून ३००० आले. तिने वाण्याची उधारी मिटवली आणि पोस्टात पाचशेची आरडी उघडली. निवडणुकीत कबूल केलेल्या २१०० चं तर सोडाच, महिन्याच्या दीड हजारावरही ती खूश होती.

मग आली ई-केवायसी, म्हणजे लाभार्थीची ऑनलाइन ओळख-पडताळणी. आधार नवऱ्याचं किंवा वडिलांचं, ओटीपी त्याच्या मोबाइलवर! शेवटी माझ्या स्वयंपाकघरातून, स्पीकरवर, तिने नऊ वर्षांनी त्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, “देतो की. पण दोन हप्ते माझे.” तिने फोन ठेवला आणि राहिलेली कढई घासायला घेतली. मला म्हणाली, “बाई, दीड हजारासाठी परत त्याच्या दारात?”

अंगणवाडी सेविकेकडे गेलो. तिचा काय दोष, तीही बिचारी वैतागलेली. विधवेने मृत्यूचा दाखला द्यायचा, घटस्फोटितेने कोर्टाचा कागद. टाकलेल्या बाईने काय द्यायचं? नवरा सोडून जाताना पावती देत नाही. गंमत म्हणजे योजनेच्या मूळ जीआरमध्ये ‘परित्यक्ता’ हा शब्द ठळक आहे. ई-केवायसीच्या मुदतवाढीची बातमी तुम्ही चार कॉलम छापलीत, त्यात तो शब्द कुठेच दिसला नाही.

बायकांच्या खात्यात थेट पैसे, म्हणजे त्यांना घरात कुणापुढे हात पसरायला नको, असं सगळे मंत्री भाषणात सांगतात. त्याच पैशाची किल्ली नवऱ्याच्या खिशात ठेवायची अक्कल कुणाची? तिची आरडी दोन महिने थकली आहे.

ता.क. आमच्या बँकेतलं पासबुक छापायचं मशीन दिवाळीपासून बंद आहे. ‘ॲपवर बघा’ म्हणतात. साध्या फोनवर ॲप कसं बघायचं, हेही कुणी छापलं तर बरं होईल.

एक निवृत्त शिक्षिका, वाई