विश्वामित्री फुटांत मोजून भागत नाही

महोदय,

पावसाळा लागला की बडोद्यात विश्वामित्री नदीवरच्या काला घोडा पुलाशी मोजलेल्या पाणीपातळीच्या आकड्यांची चर्चा सुरू होते. २६ फुटांना धोका, ऑगस्ट २०२४ मध्ये ३५च्याही वर, मग यंदा किती? पण फूट म्हणजे पाण्याची उंची, प्रवाह नव्हे. दोन पुरांची उंची ताडून पाहायची तर मधल्या काळात पात्र बदललेले नसावे. इथे काठावर भराव पडले आणि २०२५च्या पावसाळ्याआधी नदी रुंद-खोल करण्याचे कामही झाले. किती फुटांना किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) प्रवाह, हे सांगणारा जुना तक्ता आता कोणत्या आधारावर वापरायचा?

जुन्या पुराचा प्रवाह काढता येतो. भिंतींवरच्या पुराच्या खुणा लेव्हल (उंची मोजायचे उपकरण) लावून एका पातळीला जोडायच्या, त्या काळचे पात्राचे छेद (रुंदी-खोलीचे आडवे नकाशे) मिळवायचे आणि मॅनिंगचे सूत्र, म्हणजे छेद, पाण्याचा उतार आणि पात्राचा खडबडीतपणा यांवरून प्रवाह काढण्याचे सूत्र, लावायचे. गडबड होते ती खडबडीतपणाच्या गुणांकात. झाडोऱ्याच्या पात्राला ०.०३५ऐवजी ०.०५ धरले की प्रवाह थेट ३० टक्क्यांनी घटतो. किलोमीटरभरात पाण्याचा उतार ३० सेंटिमीटर असेल आणि दोन्ही टोकांच्या खुणा पाच-पाच सेंटिमीटरने चुकल्या, तर त्यातून प्रवाहात साधारण १२ टक्क्यांची चूक येते. विश्वामित्री पुढे जिला मिळते त्या ढाढर नदीला पूर असला की विश्वामित्रीचे पाणी तुंबते, उतार मोडतो आणि त्याच उंचीला प्रवाह कमी असतो. हे लक्षात न घेता काढलेला आकडा फुगलेलाच निघणार.

नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या आजवा तलावाच्या पातळीवरून त्यात येणारे पाणी काढणेही वाटते तेवढे सोपे नाही. दहा चौरस किलोमीटरच्या तलावात तासाभराच्या वाचनात एक सेंटिमीटर चुकला, तर हिशेब हजारेक क्युसेकने हलतो. वारा सुटला की एवढी चूक सहज होते. शिवाय जुन्या नोंदींतला पाऊस सकाळी साडेआठ ते साडेआठचा. तो चार तासांत पडला की चोवीस, हे त्यावरून कळत नाही.

म्हणून मागणी एवढीच: नव्या पात्राचे छेद दर पावसाळ्याआधी आणि नंतर घ्यावेत. पूर असताना पुलावरूनच, वीस-पंचवीस उभ्या रेषांवर, पृष्ठभागापासून खोलीच्या ०.२ आणि ०.८ पट अंतरावर वेग मोजावा. मगरींच्या नदीत कोणाला उतरवायचे तर नाहीच. आणि १९२७सारख्या जुन्या पुराचा आकडा जाहीर करताना 'इतके ते इतके क्युसेक' असा पल्ला द्यावा. पुलांची उंची आणि पूररेषा ठरवताना त्या पल्ल्याचे वरचे टोक धरावे.

— जलशास्त्राचे काही अभ्यासक, दांडिया बाजार, वडोदरा